मंडईची पाहुणी

"आज गठ्ठा नाही आनला जी ताई?" धनीरामनं विचारलं, आणि फाटकाची कडी काढली नाही.

एवढंच झालं. कोणी शिवी दिली नाही, कोणी ढकललं नाही. पण कडी निघाली की फाटक लोटायचं म्हणून माझा हात सवयीनं पुढे गेला होता, तो तसाच लोखंडावर राहिला, आणि सकाळच्या थंडीत गार पडलेलं ते लोखंड तळहाताला असं काही लागलं की मी हात चटकन काढून घेतला. कितीक वर्षं झाली मी या कॉलनीत येते. डोक्यावर साड्यांचा गठ्ठा, खांद्याला फॉल-पिको करून आणलेल्या साड्यांची पिशवी. धनीराम मला लांबून पाहायचा आणि फाटकाचे दोन्ही पल्ले उघडून उभा राहायचा, कारण गठ्ठा एका पल्ल्यातून मावायचा नाही. "या जी ताई, या," म्हणायचा, वरून घरवालीसाठी एखादी हलकी साडी बाजूला ठेवा म्हणायचा. आज माझ्या हातात गठ्ठा नव्हता, पत्रकं होती. पत्रकावर माझा फोटो, खाली भावना सुगत रंगारी, अपक्ष, नगर परिषद, आणि निशाणी शिलाई मशीन. धनीरामनं आधी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, जणू दोघी वेगळ्या बाया आहेत. फाटकावर नवी पाटी होती, तिचा रंगही धड वाळला नव्हता. खासगी मालमत्ता. राजकीय प्रचारास सक्त मनाई. आदेशावरून.

"कोनाच्या आदेशावरून गा?" मी म्हटलं.

"मी काय सांगू ताई. साहेबायनं लावली."

साहेब म्हणजे टेकचंदभाऊ. राइस मिल त्यांची, कॉलनीच्या सोसायटीचे अध्यक्ष तेच, आणि या वॉर्डातून माझ्याविरुद्ध उभी असलेली कामिनीवहिनी ही त्यांची बायको. आता गंमत पाहा. फाटकावर पाटी लागली ती दोघींसाठी, पण वहिनी राहते फाटकाच्या आत. तिला कडी काढून घ्यायची गरजच नाही. संध्याकाळी चपला घालायच्या आणि निघायचं. या घरी चहा, त्या घरी चिवडा, झाला प्रचार. मी धनीरामशी वाद घालत होते तेवढ्यात टेकचंदभाऊंची गाडी आतून आली. काच खाली झाली. माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणेन. हसतमुख, बाईमाणसाशी बोलताना गाडीचं इंजिन बंद करणारा.

"ताई, नियम सगळ्यांना सारखा होय. कामिनीलाही सांगितलं, प्रचार करायचा नाही."

"मग वहिनी घराबाहेरच पडत नाहीत का?"

"शेजाऱ्याकडे बसायला जानं म्हणजे प्रचार होते काय?" ते हसले. "अन् हे रस्तेही आमचेच आहेत. पालिकेनं अजून ताब्यात घेतलेच नाहीत. उद्या सगळेच झेंडे घेऊन येतील, म्हाताऱ्या माणसायले तरास."

"आणि साड्या घेऊन आले तर?"

"अरे, साड्यांचं वेगळं! साड्या घेऊन तुम्ही कधीही या. ते तर तुमचंच घर होय."

काच वर गेली. मला राग आला तो पाटीचा नाही. पाटी काय, आज लागते, उद्या निघते. राग आला तो त्या "तुमचंच घर"चा. त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. परतताना मी रस्त्यानं तेच मनात घोळवत होते. ही घरं मला माझ्या स्वयंपाकघरासारखी ठाऊक आहेत. कोणाच्या हॉलची फरशी थंडीत पायाला झोंबते, कोणाचा पंखा कुरकुरतो, कोणाची सून सासूसमोर गुलाबी रंगाला हात लावत नाही आणि सासू आत गेली की तीच साडी मागते. मी हॉलच्या मधोमध फरशीवर बसते, गठ्ठा सोडते, नव्या साड्यांच्या खळीचा तो कोरडा वास घरभर होतो, आणि बाया माझ्याभोवती गोल करून बसतात, हसतात, माझ्या मांडीवरून हात लांबवून पदर ओढतात. सोफ्यावर बस असं मला कोणी कधी म्हटलं नाही. मीही बसले नाही. साड्या फरशीवर अन् मी सोफ्यावर, हे कसं जमायचं? चहा यायचा. त्यांचा कपबशीत, माझा बऱ्याच घरी कागदाच्या कपात. कागदाचा कप धुवावा लागत नाही म्हणून असेल. असेल बापा. इतकी वर्षं मी "असेल" म्हणत आले आणि धंदा वाढवत आले, कारण मला दार उघडून घेता येतं, याचा मला गर्व होता. तुमसरात असं दार नाही जे भावना उघडून घेणार नाही, असं मीच सुगतला सांगायची. आता कळलं की दार गठ्ठ्यासाठी उघडत होतं आणि त्याच्या मागून मी आत जात होते.

आमच्या वॉर्डात दोनच भाग, वस्ती आणि कॉलनी. वस्ती माझी आहे, तिची मला चिंता नाही. पण नुसत्या वस्तीवर मी निवडून येत नाही, कॉलनीतल्या बाया थोड्या तरी माझ्याकडे वळल्या पाहिजेत. आणि मी काही हौसेनं उभी नाही. कॉलनी झाली ती धानाच्या खोलगट बांध्यांवर, म्हणजे शेतांवर, माती भरून. पूर्वी तिथलं पाणी धानात मुरायचं, आता कॉलनीच्या नाल्यांतून ते आमच्या गल्लीत येते, हिवाळ्यातही. न्हाणीचं, भांड्यांचं, कशाकशाचं पाणी आमच्या उंबऱ्यापाशी थांबून राहते आणि आमच्या गल्लीतलं लेकरू तापल्याशिवाय महिना जात नाही. पक्का नाला पाहिजे, आणि तो कॉलनीतून काढल्याशिवाय होत नाही. म्हणजे ज्यांचं पाणी, त्यांच्याच दारात जाऊन मला मत मागायचं होतं. पाण्याला फाटक लागत नाही, मला लागते.

त्याच बांध्यांत मी लहानपणी मायसोबत रोवणीला यायची. फाटकापाशी धनीरामची खोली आहे ना, तिथं धुरा होता, म्हणजे शेताचा उंच बांध. मी धुऱ्यावर बसून पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, पेंड्या फेकायची आणि बायांची रांग वाकून मागे मागे सरकत रोवत जायची. सगळ्यांत मोठा आवाज माझ्या मायचा, धुरपताचा. ती गाणं उचलायची आणि बाकीच्या ओढायच्या. चिखल कोमट असायचा. पायाच्या बोटांतून तो वर येताना जी गुदगुली व्हायची ती आजही मला फरशीवर बसल्याबसल्या आठवते, कामिनीवहिनीच्या हॉलमध्ये तर हमखास, कारण तिचं घर बरोबर त्या बांधीवर उभं आहे. शेत तेव्हा तिच्या सासऱ्यांचं, यादोराव पाटलांचं होतं. आणि दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा. मंडईच्या दिवशी पाटलांच्या आंगणात मजुरांच्या बाया आपापली भांडी घेऊन यायच्या, त्यांना वडे आणि रस्सा मिळायचा. लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचा तो वास! एका वर्षी माय उरलेली मजुरी घ्यायला गेली आणि मी तिच्या मागे. मोठ्या कढईतून वडे निघत होते, मला असं पाणी सुटलं तोंडाला. पाटलीणबाई दारात आल्या, मायशी काही बोलल्या, माय काही बोलली. मग मायनं माझा हात असा ओढला की खांदा दुखला. मी वस्तीपर्यंत रडत गेले. घरी आल्यावर तिनं मला आंबील दिली आणि म्हणाली, "लोकाच्या आंगनात बसून खात नाही आपन." ती त्यांच्याशी काय बोलली, ते मी कधी विचारलं नाही. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून मी आंबील खाल्ली आणि मनात वडेच खात होते.

दोन दिवसांनी मंडई होती. जिकडेतिकडे मंडयाच मंडया, आज या मोहल्ल्याची, उद्या त्या गावची. त्या दिवशी कॉलनीची आणि दुसऱ्या दिवशी आमच्या वस्तीची. आमच्या मंडईत देवाबिवाचं काही नसते. पाहुणे, सिंगाडे, ऊस, नाटक, बस. पण रीत सगळीकडे एकच. मंडईच्या पाहुण्याला कोणाचा, कुठचा, कशाला आला, असं कोणी विचारत नाही. आधी पाणी, मग ताट. मी सुगतला म्हटलं, "जमलं! पाहुणी होऊन जातो. कोण अडवते पाहू. पर्समधी पत्रकं टाकतो अन् घरोघरी वाटून येतो."

सुगत एसटीत कंडक्टर आहे, दिवसभर लोकांशी हुज्जत घालून आलेला असतो, घरी फार बोलत नाही. बूट काढता काढता म्हणाला, "आत जाशील. पन मंडईचा पाव्हना त्या घरात काही मागत नाही, माहीत आहे ना?"

"मी कुठं काही मागते? पत्रक देते."

"मतच मागून राहिली ना व."

"तू गप बस," मी म्हटलं. मला माहीत होतंच. मला हेही माहीत होतं की दुसरा रस्ता नाही.

मंडईच्या दिवशी मी माझ्याच मालातली जांभळी साडी नेसले, बारीक काठाची. फाटक सताड उघडं होतं. ढोल वाजत होते, गोवाऱ्यांची ढाल, ती सजवलेली उंच काठी, नाचत आत चालली होती, कोणाचे जावई, कोणाच्या मावशा, रिक्षातून उतरणारी लेकरं. धनीरामनं मला पाहिलं. त्याची नजर माझ्या पर्सवर गेली.

"ताई, प्रचारच ना..."

"मंडईले आली."

"कोनाकडं?" असं म्हणाला मात्र, आणि जीभ चावली. मंडईच्या दिवशी हे विचारत नाहीत. बिचारा इतका शरमला की मलाच त्याची कीव आली. मी पुढे निघाले. पहिलंच मोठं घर टेकचंदभाऊंचं. खरं तर ते टाळून पुढे जायचं ठरवलं होतं, पण व्हरांड्यात एक म्हातारी खुर्चीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत होती. त्याच त्या पाटलीणबाई, कुंताबाई, कामिनीवहिनीच्या सासूबाई. साड्या पाहायला त्या कधी बाहेर आल्या नव्हत्या. मागच्या खोलीतून त्यांचा खोकला तेवढा मला ठाऊक. माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अवं, तू रुखमाची सून नाही काय? नाकाडोंगरीची? अशी लोकासारखी बाहेर कायले उभी? चाल, चाल आत."

मी तोंड उघडलं होतं. पण त्यांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्या माणसाच्या हाताला काय जोर असतो! हॉल आला, तोच हॉल, तीच फरशी, जिथं मी गठ्ठा सोडते. तो ओलांडून आम्ही आत गेलो. देव्हाऱ्याची खोली ओलांडली. इतक्या वर्षांत मी या पडद्याच्या पलीकडे गेले नव्हते. पुढं रांधणी. मोठं स्वयंपाकघर, गॅसच्या तीन शेगड्या, कढई, वाफ, आणि खाली पाटांवर बसलेल्या कॉलनीतल्या सात-आठ बाया जेवत होत्या. सगळ्या माझ्या गिऱ्हाइक. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांची तोंडं थांबली. कुंताबाईंना त्याचा पत्ता नाही. "बस ना व," म्हणून त्यांनी मला पाटावर बसवलं, काठाचं पितळी ताट पुढं ठेवलं, आणि स्वतः पळी घेतली. वडे आले. पातोडीचा रस्सा आला. आणि तो वास आला, लाखोळीचा, तोच, आंगणातला, आणि माझा खांदा खरोखर दुखला.

 बायांना वाटलं असेल, मीच नाव बदलून शिरले. मी ताटाकडे पाहत होते. काय हरकत होती? जेवायचं, हात धुवायचे, बाहेर पडायचं. म्हातारीला समाधान, मला घरात आल्याचं समाधान. पण मग या घरानं रांधणीत जेवू घातलं कोणाला? रुखमाच्या सुनेला. जेवण माझ्या पोटात जाणार आणि मान नाकाडोंगरीला. एवढा मोठा उंबरा ओलांडून यायचं आणि आल्यावर दुसऱ्याच्याच नावानं यायचं, ह्यापेक्षा फाटकाबाहेरची मी काय वाईट होते? निदान फोटो माझा होता, नाव माझं होतं. मी हात मागे घेतला.

"काकी, मी रुखमाची सून नाही. मी भावना. वस्तीतल्या धुरपताची पोरगी."

पळी थांबली. पळीतून रस्सा ठिबकत होता तो फरशीवर पडला. शेगडीवर वडे तळणारी बाई वळून पाहत राहिली, वडा करपल्याचा वास यायला लागला.

"धुरपता?" कुंताबाई म्हणाल्या. "जिचा आवाज दोन बांध्यायच्या पल्याड जाये?"

"तीच."

"जिती हाय काय?"

"आहे ना. माझ्याजवरच असते."

कुंताबाई हळूच खाली बसल्या, माझ्या समोरच, गुडघा धरत. "तिनं मले एकदा इचारलं होतं. मंडईच होती. मी म्हटलं, धुरपता, पोरगी वड्यायकडं पाहून राहिली, बस ना आंगनात, खाय. तं म्हने, बाई, रांधनीत बसवता काय? बसवता तं जेवीन. नाही तं मजुरी द्या, जातो." त्या थांबल्या. "मी काही बोलली नाही. माही सासू मांगं उभी होती. मजुरी देल्ली अना दार लोटलं. तवापासून ती आमच्या रोवणीले आली नाही कवा."

मला हे माहीत नव्हतं. मायनं मला आंबील दिली होती, हे वाक्य दिलं नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की तिनं मला वड्यांपासून ओढून नेलं. मला रडू आलं. आलं तर आलं. रस्सा तिखट होता, असं म्हणायची सोय होती.

"मंग खाय ना व," कुंताबाई म्हणाल्या, एकदम खेकसून. "थंडा होऊन राहिला." आणि माझ्या ताटात आणखी दोन वडे टाकले.

मी खाल्ले. खोटं कशाला सांगू, मी भरपूर खाल्ले. बाकीच्या बायाही हळूहळू जेवायला लागल्या. एकीनं मीठ मागितलं, ते मीच सरकवलं. तेवढ्यात कामिनीवहिनी आत आली, पदर खोचलेला, हातात पाण्याचा जग. मला पाटावर पाहून ती दारातच थांबली. "भावनाताई? तुम्ही?" तिचे डोळे माझ्या मांडीजवळच्या पर्सवर गेले आणि तिथंच थांबले. मग सगळ्यांचेच गेले. त्या पर्समध्ये काय आहे, ते त्या खोलीतल्या प्रत्येकीला कळलं होतं. आणि खोलीत कोण होतं? ज्या ज्या दारावर मला जायचं होतं, ती सगळी दारं इथं मांडी घालून जेवत होती. पर्सची चेन ओढायचा अवकाश. मी काही संत नाही. माझा हात चेनवर गेलाही. पण मी तिथं मत मागितलं असतं तर सगळ्यांनी हेच म्हटलं असतं की बाई मतासाठी शिरली, आणि माझ्या मायनं त्या दारात जे मागितलं होतं, तेही मग मतासाठीच होऊन गेलं असतं. मी पर्स मागे सारली आणि हात धुवायला उठले.

"वहिनी, जेवन फस्क्लास झालं," मी म्हटलं. "आता उद्या आमच्या वस्तीची मंडई. मी तुमच्याकडं जेवली, आता तुमची पाळी. काकी, तुम्हीपन. सगळ्या जणी."

हे कोणाला नाही म्हणता येत नाही. आणि हो म्हणणंही सोपं नव्हतं. बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. एक म्हणाली, उद्या पाहुणे आहेत. एक म्हणाली, पाहू. कुंताबाई तेवढ्या म्हणाल्या, "येतो ना. काहून नाही येनार?" पण म्हाताऱ्या माणसाच्या येतोला घरचे कितपत धरतात, ते मला माहीत होतं. फाटकातून बाहेर पडताना पत्रकं जशीच्या तशी होती आणि मी मात्र ताठ चालत होते. मनात म्हटलं, पाटीवर आत येणाऱ्यांना मनाई आहे. बाहेर जाणाऱ्यांना कुठं आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी वडे तळत होते. सुगतनं सुट्टी टाकली होती, तो कांदे चिरत होता आणि अधूनमधून गल्लीच्या तोंडाकडे पाहत होता. कुंताबाईंनी सांगितलेलं तिचं ते वाक्य मी मायला रात्रीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "आठवन आहे का तिले?" आणि कूस बदलून झोपली. आज तिनं आपणहून ट्रंकेतली पांढरी साडी काढली आणि घरापुढच्या छपरीत खाटेवर बसून राहिली. वस्तीतले पाहुणे आले, जेवले, गेले. दुपार कलायला लागली. कॉलनीतलं कोणी नाही.  आता मत राहिलं बाजूला, मला वाटायला लागलं की मी मायला पुन्हा एकदा त्याच दारात नेऊन उभं केलं. मी तिच्याकडे बघेना.

"येतील तं येतील," माय म्हणाली, माझ्याकडे न पाहता. "वडे काय सडून राहिले काय?"

आणि मग त्या आल्या. पुढं काठी टेकत कुंताबाई, त्यांचा दंड धरलेली कामिनीवहिनी, मागे तिघीजणी. गल्लीत पाणी होतंच. कामिनीवहिनीनं निऱ्या वर उचलल्या, दुसऱ्या हातानं नाक धरलं, मग लाजून हात काढला. माझ्याच मालातली मोरपंखी साडी होती तिच्या अंगावर.

"हे पाणी कुठून येते ताई?"

"तुमच्याकडूनच वहिनी. त्याले पाटी लागत नाही."

 पाणी कुठून वाहत येते ते तिनं वळून पाहिलं, कॉलनीच्या भिंतीपर्यंत.

कुंताबाई आमच्या उंबऱ्यापाशी थांबल्या. सुगत खुर्ची आणायला धावला, मी "या ना काकी" म्हणाले, पण त्या माझ्याकडे पाहतच नव्हत्या. खाटेवरच्या मायकडे पाहत होत्या.

"धुरपता. येऊ काय?"

माय उठली नाही. तिनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, सावकाश.  ही आता काय बोलते, अन् बोलली तर मी काय करू? गल्लीत ढोल वाजत होता.

"रांधनीत बसतीस काय?" माय म्हणाली.

"बसतो ना," कुंताबाई म्हणाल्या.

"चाल मंग." आणि माय उठली, तिनं कुंताबाईंचा हात धरला, आणि दोघी म्हाताऱ्या एकमेकींना सावरत माझ्या एवढ्याशा स्वयंपाकघरात गेल्या. तिथं दोन पाट मावतात, त्या दोघीच बसल्या. बाकीच्यांना मी छपरीत वाढलं. आतून आधी कुंताबाईंचा खोकला आला, मग मायचं ते मोठं हसणं, जे दोन बांध्यांच्या पलीकडे जायचं. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

जेवणं झाली. सुपारी आली. कामिनीवहिनी अवघडून बसली होती. तिच्या पर्समध्येही पत्रकं होती, चेन नीट लागली नव्हती, एक कोपरा बाहेर आला होता. निवडणूक तिलाही जिंकायची होती, आणि समोर अख्खी वस्ती बसली होती. पण ती पाहुणी होती.  माय बाहेर आली, तिनं तो कोपरा पाहिला. मायच्या डोळ्यांतून काही सुटत नाही.

"जेवन झालं ना बाई तुहं?"

"हो मावशी. मस्त झालं."

"हात धुतला?"

"धुतला."

"मंग आता पाव्हनी नाही तू. इचार."

"काय विचारू?"

"मत. मागाले आनले ना कागद?"

कामिनीवहिनीचं तोंड लालेलाल झालं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. मायपुढे माझं काही चालत नाही. "मावशी, पण तुम्ही मला कशाला द्याल? तुमची पोरगी उभी आहे."

"देनारच नाही," माय म्हणाली. "पन माग तर खरं. आमच्या दारात येऊन मागाले कोनाले मनाई नाही."

 मग कामिनीवहिनी उठली. तिनं पदर सारखा केला, पत्रक काढलं, दोन्ही हातांनी मायच्या हातात दिलं आणि हात जोडून म्हणाली, "मावशी, मला मत द्या."

"नाही," माय म्हणाली, पत्रकाची नीट घडी घातली, आणि कुंताबाईंच्या हाती घरी न्यायला वडे बांधून दिले.

मी त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेले. कुंताबाई तिघींसोबत पुढे होत्या. कामिनीवहिनी मुद्दाम मागे राहिली, निऱ्या धरून पाण्याकडेच पाहत चालत होती.

"ताई, उद्या सकाळी या कॉलनीत. गठ्ठा नका आणू."

"अन् पाटी?"

"पाटी त्यायनं लावली. धनीरामले मी सांगतो."

"मत देसाल मले?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि हसली. "पन मागा तर खरं."

सकाळी धनीरामनं मला लांबूनच पाहिलं आणि फाटकाचे दोन्ही पल्ले उघडून उभा राहिला. गठ्ठा नव्हता, मला एक पल्ला पुरला असता. मी त्याला तसं सांगितलं नाही.